परबमास्तरांचं आतलं मशीन

परबमास्तर मशीन बंद असतानाही प्रोग्रॅम चालवत. मुलुंडला आग्रा रोडवर आमचा पंपांचा कारखाना होता आणि त्यात काचेची एक थंडगार कॉम्प्युटरची खोली होती. जेवणाच्या सुट्टीत तिच्या बाहेरच्या बाकावर मास्तर मांडीवर पाटी घेऊन बसत. शाळेतली, लाकडी चौकटीची दगडी पाटी. तिच्यावर खण आखलेले आणि प्रत्येक खणात एक आकडा. "आता मी मशीन," असं म्हणून ते समोरच्याच्या कागदावरची एकेक ओळ वाचायचे आणि ओल्या बोटानं खणातला आकडा पुसून तिथे नवा लिहायचे. मध्येच कोणी हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. कागदावर थांबायला सांगितलं असेल तर पेन्सिल हवेत धरून खरोखर थांबायचे.

मी त्यांना पाण्यात पाहत असे. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्याबद्दल मी जे काही चांगलं लिहीन त्याला तो वास येणारच.

मी सुळे. बी.एस्सी., गणित, फर्स्ट क्लास. एकोणसत्तर साली कारखान्यात प्रोग्रॅमर म्हणून लागलो तेव्हा मुलुंड पूर्वेला आमच्या आईनं दोन सोसायट्यांत पेढे वाटले होते. त्या काळी प्रोग्रॅम लिहायचा, पंचिंगच्या मुलींकडून भोकांच्या भाषेत कार्डांवर पाडून घ्यायचा, गठ्ठा रांगेत ठेवायचा आणि निकालाची वाट बघायची. तो तिसऱ्या दिवशी हातात यायचा. माझा पहिला गठ्ठा मी रांगेत ठेवला आणि मास्तरांनी सहज कागद मागितला. पाटीवर दहा मिनिटं पुसापुशी करून म्हणाले, "सुळे, सत्ताविसाव्या ओळीवर तू शून्यानं भागतोस."

"मशीन सांगेल ना काय ते," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी मशीननं सांगितलं. सत्ताविसाव्याच ओळीवर. मास्तरांनी खिशातून चणे काढून माझ्यापुढे धरले. ते काही बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. मी चणे खाल्ले आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढे बरीच वर्षं थांबलं नाही.

मास्तर अकरावी नापास. मालवणकडचे. कारखान्यात आले ते कार्डं वेगळी करायच्या मशीनवर हमालीच्या बोलीनं. दिवसभर कार्डांचे गठ्ठे उचलून उचलून त्यांची बोटं अशी तयार झाली होती की गठ्ठा नुसता पिसून ते सांगत, "ह्यात एक उलटां पडलाहा." आणि ते असायचं. "मास्तर" हे नाव पंचिंगच्या मुलींनी ठेवलेलं. मी पहिलं वर्षभर त्यांना हट्टानं "अहो परब" म्हणत असे. मग एकदा एका अडलेल्या कामासाठी त्यांच्याकडे गेलो आणि तोंडातून आपोआप "मास्तर" निघालं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढे नवं, मोठं मशीन घ्यायचं ठरलं. आयातीचा परवाना यायला वर्षं लागणार होती, पण परदेशी कंपनीनं माहितीचं जाडजूड पुस्तक आधीच पाठवून दिलं. साहेबांनी ते माझ्या हवाली केलं, इंग्रजी माझं चांगलं म्हणून. त्यात एक प्रकरण असं होतं की हे एकच मशीन अनेक मशीनं असल्यासारखं वागू शकतं. माणसं चार, मशीन एक, पण प्रत्येकाला वाटणार की आख्खं मशीन आपलंच. मी पंधरा दिवस ते पुस्तक घरी ठेवलं. मला एक अक्षर कळलं नाही. ऑफिसात सांगितलं, "आपल्या उपयोगाचं नाही. थिअरी आहे सगळी."

मग मास्तरांनी पुस्तक मागून घेतलं. डिक्शनरी मांडीवर, पेन्सिल कानावर. महिन्याभरानं एका दुपारी बाकावर येऊन म्हणाले, "सुळे, अरे ही तर आमची भांडुपची खोली."

त्यांची ती खोली मी कधी पाहिली नाही, पण तिचं वर्णन मास्तरांच्या तोंडून कारखान्यातल्या निम्म्या माणसांनी ऐकलेलं आहे. मुंबईत नवीन आले तेव्हा भांडुपला एका खोलीत गावाकडचे तिघे राहत. तिघांच्या कंपन्या तीन, पाळ्या तीन आणि खाट एक. प्रत्येकाची वळकटी वेगळी, शर्ट अडकवायचा खिळा वेगळा. एकाची झोप झाली की खोलीवाली मावशी त्याला उठवायची, त्याची वळकटी गुंडाळून ठेवायची आणि दुसऱ्याची अंथरायची. तो येऊन आडवा झाला की उशी त्याची, चादर त्याची, उशीखाली ठेवलेलं पत्रसुद्धा जिथल्या तिथे.

"तीन वर्षं राहिलो," मास्तर सांगत, "एकमेकांना झोपलेलं कधी बघितलं नाही. प्रत्येक जण गावी पत्र लिहायचा, मला स्वतंत्र खाट आहे म्हणून. खोटं नव्हतं ते. आता बघ, मावशी म्हणजे बाहेरचं मशीन. खाट म्हणजे मेमरी. आणि आम्ही तिघे आतली मशीनं. एकानं आपली वळकटी भिजवली तर त्याची भिजली. दुसऱ्याची कोरडीच."

मी डिक्शनरी बघून आलो होतो. म्हणालो, "मास्तर, पुस्तकात त्याला आभासी म्हटलंय. म्हणजे खरं नसलेलं."

"आभासी कसलं रे? भाड्याची खाट काय आभासी असते? पाठ टेकते ना तिच्यावर?"

बाकाभोवतीची माणसं हसली. पंचिंगमधली लतिका दळवी सगळ्यात जास्त हसली, ते माझ्या फार जिव्हारी लागलं. तिला हेच प्रकरण मी आदल्या आठवड्यात कँटीनमध्ये समजावून सांगितलं होतं, निम्मं इंग्रजीत, आणि ती शेवटी म्हणाली होती, "सुळे, तुम्ही खूप वाचता ना?" मास्तरांचं ऐकून तिनं लगेच विचारलं, "मास्तर, मग मावशी झोपली तर?"

"मावशी झोपायची नाही," मास्तर म्हणाले. "ती झोपली की खेळ खलास."

मास्तर नुसतं सांगून थांबले नाहीत. नवं मशीन यायचं तेव्हा येईल, म्हणून त्यांनी जुन्यावरच एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. वर्षभर खपले. आमच्या मशीनची मेमरी दोन भागांत वाटता यायची. एका भागात कारखान्याचं रोजचं काम चाले, दुसऱ्यात किरकोळ कामं. त्या दुसऱ्या भागात मास्तरांनी दोन छोटी मशीनं उभी केली. लोखंडाची नव्हेत, नुसत्या सूचनांची. त्यांना शंभर शंभर खण आणि मोजक्या आज्ञा: उचल, मिळव, ठेव, उडी मार, थांब. पाटीवर जे चालायचं तेच आता आत चालू लागलं. वेग मुंगीचा, पण चाले.

त्यावर शिकवायची त्यांची रीत ठरलेली होती. नवशिक्याला पहिल्या दिवशी एकच काम. एका खणातला आकडा उचल, दुसऱ्यातला त्यात मिळव, तिसऱ्यात ठेव, थांब. चार ओळी, चार कार्डं. ते जमलं की दुसऱ्या दिवशी म्हणायचे, "आज बिघडव." माणूस बावरायचा. या खोलीत धक्का लागला तरी लोक सॉरी म्हणत, आणि हे म्हणताहेत बिघडव. "आतलं बिघडलं तर बिघडू दे. मी परत अंथरून देतो. बाहेरच्याला कळायचं पण नाय." लतिका शिकली, स्टोअर्सचे दोन कारकून शिकले, युनियनचा एक माणूस शिकला. तो आधी कॉम्प्युटर माणसं खातो म्हणून गेटवर भाषण करायचा.

मी शिकलो नाही. मी फर्स्ट क्लास होतो.

अशातच बातमी आली की नव्या मशीनच्या तयारीसाठी एका माणसाला सहा महिने परदेशी पाठवणार आणि परत आल्यावर तोच या खात्याचा प्रमुख. पाठवण्याजोगी माणसं दोनच होती, मी आणि मास्तर. आमच्या आईनं या वेळी पेढे वाटले नाहीत, पण सोसायटीत सांगून मात्र झालं होतं. मला त्या जागेशिवाय काही सुचेना. मास्तरांना इंग्रजी बोलता येत नाही, ते तिकडे काय करणार, असं मी मनाशी घोकत असे. त्याच वेळी मला हेही पक्कं कळत होतं की त्या माणसाला सहा महिने तिकडे सोडलं तर तो तिकडच्यांना शिकवून येईल.

आमचे मॅनेजर दस्तूरसाहेब. त्यांनी कंपनीच्या डायरेक्टरांना मास्तरांचं आतलं मशीन दाखवायचं ठरवलं, आणि निर्णय त्यानंतरच होणार हे सगळ्यांना समजलं होतं. त्या दिवशी मशीनच्या एका भागात सकाळपासून स्टोअर्सची महिन्याची मोजणी चालू होती, चार वाजता संपणारी. दुसऱ्या भागात मास्तरांची दोन्ही आतली मशीनं. एकावर लतिकाचा प्रोग्रॅम, दुसऱ्यावर माझा. मास्तरांनीच मला बोलावलं होतं. "तू पण घाल ना तुझा गठ्ठा. साहेबांना वाटू दे सगळे मिळून केलंय."

मी गठ्ठा घातला. त्यात मधोमध, कोणालाही न सांगता, "थांब" या आज्ञेचं एक जास्तीचं कार्ड घातलं. ऐन डायरेक्टरांसमोर मास्तरांचं मशीन मध्येच बंद पडावं, एवढीच माझी इच्छा होती.

तसंच झालं. मंडळी आली, मास्तर पलीकडे प्रिंटरजवळ उभं राहून मालवणी हेलाच्या हिंदीत समजावू लागले, मी मुख्य मशीनच्या टेबलापाशी होतो. मशीनला जोडलेला टाइपरायटर खडखडला आणि कागदावर इंग्रजीत एक ओळ उमटली: मशीन थांबलं आहे. मी मान वर केली. स्टोअर्सची मोजणी ज्यांवर चालली होती त्या समोरच्या फिरत्या टेपाही थांबल्या होत्या. त्या अधूनमधून थांबतच, छपाई मागे पडली की. हे मला रोज दिसत होतं, पण त्या क्षणी मला एकच दिसलं: मी कारखान्याचं मशीन बंद पाडलं. मी हात पुढे केला आणि मुख्य मशीन पुन्हा सुरू करायचं बटण दाबलं.

खोलीतले सगळे दिवे एकदा लुकलुकले. स्टोअर्सची सकाळपासूनची मोजणी गेली. लतिकाचं मशीन, माझं मशीन, सगळं गेलं. खरं तर मी बटण दाबेपर्यंत काहीही झालेलं नव्हतं. फक्त आतलं एक छोटं मशीन मी सांगितलं म्हणून थांबलं होतं. त्या आतल्या मशीनवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि तेच बाहेरचं समजून मीच फसलो.

"कोन बंद केला मशीन?" दस्तूरसाहेबांनी विचारलं.

"मास्तरांच्या प्रोग्रॅमनं अडकवलं, सर," मी म्हणालो. "मला रीस्टार्ट करावं लागलं."

वाक्य किती सहज आलं. तालीम केल्यासारखं.

मास्तर टेबलापाशी आले. टाइपरायटरचा कागद त्यांनी वर ओढला आणि वाचला. त्यावर सगळं होतं: कुठल्या ओळीवर माझं "थांब" आलं ते, त्यानंतरचा तो निरोप आणि लगेच खालची मशीन पुन्हा सुरू केल्याची नोंद. कागद दाखवला असता तर तिथल्या तिथे माझी वाट लागली असती. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग कागद टाइपरायटरवरून फाडून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला.

"चूक माझी, साहेब," ते म्हणाले. "निरोप मीच अर्धवट लिहिला."

डायरेक्टर गेले. दुसऱ्या दिवसापासून आतलं मशीन बंद ठेवायचा हुकूम आला आणि शिकणारी मंडळी पांगली. महिन्याभरानं परदेशी जायचं पत्र माझ्या टेबलावर आलं. लोकांनी हार घातला. मास्तरांनीही हात मिळवला. त्यांचा हात कोरडा आणि गरम होता, माझा घामानं भिजलेला.

जायच्या आधीच्या रविवारी मी भांडुपला गेलो. आता ते टेकडीवरच्या एका खोलीत बायकोबरोबर राहत होते. वहिनींनी चहा ठेवला. मी काय बोलायचं ते घोकून गेलो होतो, पण त्यांनी आधी एक कागद पुढे केला. आतल्या मशीनच्या प्रोग्रॅमचं सुधारलेलं पान. बंद ठेवायचा हुकूम असलेल्या प्रोग्रॅमचं. निरोप बदलला होता: आतलं दुसरं मशीन थांबलं आहे. बाहेरचं चालू आहे. काही दाबू नका.

"कुठलं मशीन थांबलं ते मी लिहिलंच नव्हतं," मास्तर म्हणाले. "घाबरलेला माणूस काय करणार? दाबणारच."

"मास्तर, ते कार्ड मी मुद्दाम घातलं होतं."

"ठाव आसा माका. गठ्ठा मीच पिसला मा नंतर."

"मग बोलला का नाही तुम्ही?"

त्यांनी कागद पुन्हा आपल्याकडे ओढला. "बोललो असतो तर तुझी नोकरी गेली असती. निरोप तसाच अर्धवट राहिला असता."

मला वाटलं होतं ते मला माफ करतील, किंवा शिव्या देतील. दोन्हींपैकी काहीच झालं नाही. त्यांनी नुसती चूक दुरुस्त केली होती, आणि त्या चुकीत माझा हिशेबच नव्हता. याचाही मला हेवा वाटला. मी विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटलं? परदेशाचं?"

"वाटलं ना. का नाय वाटणार? चार दिवस जेवलो नाय, हिला विचार." मग म्हणाले, "तू जा, नीट शिक. ते मशीन आलं की मला एकदा बोलव. हात नाय लावणार. नुसतं बघायचंय, खरोखर तसं चालतं काय ते."

मी त्यांना शब्द दिला. वहिनींच्या समोर दिला.

मी परत आलो तोवर मास्तर कारखाना सोडून घाटकोपरला कार्डं पाडून देणाऱ्या एका लहानशा ब्युरोत गेले होते. मागोमाग लतिकाही तिथेच गेली. मी प्रमुख झालो. नवं मशीन आणीबाणी उठली त्या वर्षी आलं. ते खरोखर तसं चालत होतं. आठ माणसं आठ टेबलांवर आणि प्रत्येकाला वाटे आपलंच मशीन. बोलावू, बोलावू म्हणत मी चार महिने काढले.

एका दुपारी गेटवरून वॉचमनचा फोन आला. "सायेब, कोन परब आलेत. घाटकोपरवरून. म्हन्तात मशीन बघायचंय, सायबानी बोलावलंय."

माझ्यासमोर तेव्हा नव्यानं भरती झालेली आठ जणं बसली होती. मी त्यांना परदेशातून आणलेल्या फायलीतून तेच प्रकरण शिकवत होतो. तिसरा दिवस होता आणि त्यांना काही कळत नव्हतं. ते मला त्यांच्या तोंडांवर दिसत होतं. मास्तर वर आले असते तर एक खडू मागून घेतला असता. पाच मिनिटांत ही मुलं हसायला लागली असती, आणि मग या खोलीत प्रमुख कोण ते कोणाला विचारावं लागलं नसतं.

"सांग, साहेब मीटिंगमध्ये आहेत," मी म्हणालो. "पुढच्या आठवड्यात फोन करा म्हणावं."

खिडकीतून गेट दिसायचं. मास्तरांनी इस्त्रीची पँट घातली होती, पांढरा शर्ट, हातात छत्री. वॉचमनचं ऐकून त्यांनी मान हलवली. मग लगेच न जाता ते भिंतीच्या कडेनं चालत आमच्या खोलीच्या खाली आले. मशीन गार ठेवणारी यंत्रं तिथे बाहेर गरम हवा सोडत. मास्तरांनी त्या जाळीसमोर तळहात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. दोनच जिने होते. मी धावत गेलो असतो तर एक मिनिट लागलं नसतं. ते आग्रा रोडला लागून दिसेनासे होईपर्यंत मी खिडकीत उभा होतो.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही. दोन वर्षांनी लतिका मुलुंड स्टेशनबाहेर भेटली आणि तिनं सांगितलं, मास्तर गावी गेले होते, काविळीत गेले. मी विचारलं, माझ्याबद्दल कधी काही म्हणायचे का. ती म्हणाली, "म्हणायचे ना. सुळे बिझी असतो, फुरसत झाली की बोलवेल."

मास्तरांनी ते मशीन पाहिलं नाही. मी त्यांना पाहू दिलं नाही.